कवळीवरची मुंगी

सासूबाईंची कवळी दिवसातून फार तर दहा मिनिटं तोंडात असायची. उरलेला सगळा वेळ ती खिडकीतल्या स्टीलच्या वाटीत हसत पडलेली असे. घरात बाकी कुणाला हसायला फुरसत नव्हती, तेव्हा ते खातं तिच्याकडे सोपवलेलं होतं म्हणायला हरकत नाही.

ती दहा मिनिटं ठरलेली होती. संध्याकाळी जिन्यात मुलाच्या बुटांचा आवाज आला, की सासूबाई कवळी चढवायच्या आणि वर एक लिमलेटची गोळी तोंडात टाकायच्या, म्हणजे हिरड्यांना होणाऱ्या जाचाने तोंड वाकडं झालं तरी गोळी आंबट आहे म्हणून खपून जाई. मुलगा दारातून डोकावायचा. "काय आई, बरं ना?" सासूबाई मान हलवायच्या. तो कपडे बदलायला आत गेला, की कवळी परत वाटीत, अर्धवट चघळलेल्या लिमलेटसकट. वाटीत पाणी घाला, असं दातांच्या डॉक्टरांनी तीनदा बजावलं होतं. पण पाण्याने चामडं सैल पडतं हे सासूबाईंनी उभ्या जन्मात पाहिलेलं होतं. जी मुळातच बसत नाही, ती आणखी सैल कशाला करायची?

"आईला कवळी छान बसलीय," मुलगा येईल त्याला सांगायचा. "मी रोज बघतो ना."

सून बघत नसे. तिचा अख्खा दिवस बघण्यातच जायचा, त्यामुळे घरी आल्यावर ती डोळे मिटून भाजी चिरू शकली असती. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती सव्वीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेली होती. काचपट्टीवर पसरलेल्या रक्ताच्या थेंबात पांढऱ्या पेशी शोधायच्या, शंभर भरेपर्यंत मोजायच्या, कुठल्या जातीच्या किती ते लिहायचं, की पुढची काचपट्टी. शहरातली निम्मी माणसं तिने अशी आतून पाहिली होती. रस्त्यात मात्र कुणी ओळख देत नसे, कारण रिपोर्टाखाली नाव असायचं डॉक्टरांचं. डॉक्टर पाच वाजता यायचे, एका हातात चहाचा कप धरायचे आणि दुसऱ्या हाताने साठ सह्या ठोकायचे. कप रिकामा आणि रिपोर्ट तयार, दोन्ही एकदम. इतकं अचूक वेळेचं काम तिने दुसरं पाहिलं नव्हतं.

म्हणून तर ती मुंग्यांकडे वळली. मुंग्यांना तरी डॉक्टरांची सही लागत नाही, असं तिला वाटलं होतं.

दर रविवारी सकाळी, दातांच्या दवाखान्याला सुट्टी असते तेव्हा, त्याच्या बाहेरच्या खोलीत पिपीलिका मंडळ भरत असे. पिपीलिका म्हणजे मुंगीच. पण मुंगी म्हटलं की लोक झाडू घेऊन येतात आणि पिपीलिका म्हटलं की खुर्ची देतात, हे मंडळाच्या अध्यक्षांना, म्हणजे दवाखान्याच्या मालक डेंटिस्टना, फार आधी कळलं होतं. मंडळात माणसं चार. स्वतः अध्यक्ष. भूमापन खात्यातून निवृत्त झालेले नकाशेवाले, जे प्रत्येक मुंगीसाठी नकाशावर एक ठिपका देत आणि तो सुकेपर्यंत कुणाला शिंकू देत नसत. पन्नाशीचा कुरिअरवाला, जो दिवसाला ऐंशी उंबरठे चढत असल्यामुळे उंबरठ्यातल्या मुंग्यांवरचा अधिकारी माणूस होता. आणि चौथी ही.

चौघं बसत ती भिंत पाहण्यासारखी होती. तिथे एका चौकटीत सासूबाईंचा फोटो होता. दोन वर्षांपूर्वी कवळी बसवली त्याच दिवशी काढलेला, तोंडभर हसणारा, आणि खाली छापलेलं: ‘परिपूर्ण बैठक.’ सून दर रविवारी सासूबाईंच्या त्या हसण्याखाली बसून मुंग्यांच्या मिशा मोजायची. घरी ते हसू तिला कधी दिसलं नव्हतं. फोटोग्राफर चांगला असावा.

मंडळ दरवर्षी एक यादी छापत असे: आपल्या भागात सापडलेल्या मुंग्या. एक्कावन्न जाती झाल्या होत्या. यादीला तीन रकाने. पहिल्यात जात. दुसऱ्यात ‘प्रथम नोंद’, म्हणजे ती आपल्या भागात सगळ्यांत आधी कुणी पाहिली. तिसऱ्यात ‘ओळख’, म्हणजे तपासून, मोजून, ती कुठली जात हे कुणी ठरवलं. दुसऱ्या रकान्यात अडतीस वेळा अध्यक्ष होते. तिसऱ्या रकान्यात पहिल्या ओळीत अध्यक्ष आणि पुढे पन्नास ओळी ‘वरीलप्रमाणे’.

चव्वेचाळीस नंबरची मुंगी सुनेने शोधली होती. बसथांब्याच्या बाकाखाली गुडघे टेकून, येणारेजाणारे ‘काय हरवलं हो?’ विचारत असताना. यादी छापून आली, तर चव्वेचाळीसपुढे लिहिलेलं: ‘मंडळ’.

"ताई," अध्यक्ष म्हणाले होते, "आपण एक कुटुंब आहोत. कुटुंबात कसलं आलंय माझं-तुझं?"

कुटुंब म्हटल्यावर ती गप्प बसली. कुटुंबात गप्प बसायची तिला सवय होती. पण त्या दिवसापासून एक गोष्ट तिच्या मनात कुसळासारखी रुतून राहिली. जगात एक कागद असा असावा, ज्यावर छापलेलं असेल की हे हिने पाहिलं. फार नाही, एक ओळ. मुंगीएवढी.

एका गुरुवारी लॅबमधली वीज गेली आणि ती दुपारीच घरी आली. सासूबाई खिडकीजवळच्या पलंगावर पत्ते लावत बसल्या होत्या. एकटीनेच, स्वतःशीच, आणि तरीही लबाडी करत. पत्ते लावता लावता गुणगुणत होत्या. कवळी नसली की त्यांच्या बोलण्यातली धार जायची, गाण्यातला गोडवा मात्र वाढायचा.

‘चालली गं मुंगी, शेपटी ठेवून वर,
पाहुणी कुणाची, विचारीत घर.’

सून पाण्याचा पेला ठेवायला वाकली आणि वाकलेलीच राहिली.

खिडकीच्या चौकटीतल्या फटीतून एक वाट निघाली होती. केसाएवढी वाट, पण तिच्यावरून एक अख्खं गाव कामाला चाललं होतं. ती वाट वाटीच्या काठावर चढत होती, पुढच्या दातांवरून घसरत होती, आणि डावीकडच्या दाढेत चिकटलेल्या हिरव्या लिमलेटपाशी जाऊन तिचा बाजार होत होता. मुंग्या तपकिरी, मधाच्या रंगाच्या. पोट पत्त्यातल्या बदामासारखं, आणि चालताना प्रत्येकीने ते वर उचलून धरलेलं, जसा कुणी चिखलातून जाताना नेसूचा काठ उचलावा.

बदामी पोटाची मुंगी यादीत होती, तेवीस नंबर. पण ती काळी कुळकुळीत आणि झाडावरची. कवळीवर येणाऱ्यातली नव्हे.

"आई, हलू नका."

"मी कुठं हलतेय? पत्तेसुद्धा लागत नाहीयेत," सासूबाई म्हणाल्या. "दिसल्या का तुला? मी मागेच म्हटलं नव्हतं का, खिडकीत पाहुण्या आल्यात म्हणून?"

"हो, आई," सून म्हणाली. ती तोवर पर्समधला ब्रश काढून त्याचं टोक स्पिरिटमध्ये बुडवत होती.

सात मुंग्या तिने टिपल्या, लॅबमधल्या झाकणाच्या छोट्या बाटलीत सोडल्या, आणि कागदाची चिटोरी कापून पेन्सिलने लेबल लिहिलं. पेन्सिलनेच, कारण पेनाची शाई स्पिरिटमध्ये विरघळते. हा नियम मंडळाने अनुभवातून केला होता. एका वर्षी अध्यक्षांनी नव्या जेल पेनाने सुंदर अक्षरात तेरा लेबलं लिहिली, आणि पुढच्या रविवारी तेरा मुंग्या निळ्या पाण्यात बेवारस तरंगत होत्या. लेबलाचा दुसराही नियम अध्यक्षांचाच. जागा नेमकी हवी. ‘झाड’ लिहू नका, कुठलं झाड, कुठली फांदी, कुठली बाजू. लेबल म्हणजे शपथेवरचा जबाब, असं ते म्हणत. तेव्हा सुनेने शपथेवर लिहिलं: तारीख, घराचा पत्ता, मागची खोली, खिडकीतली वाटी, कवळीवर, खालची डावी दाढ. आणि खाली, ‘पाहणारी’ लिहून, आपलं नाव. अक्षर लहान होतं.

त्या रविवारी अध्यक्षांनी बाटली उजेडात धरली, हलवली, आणि लेबल न वाचताच निकाल दिला.

"तेवीस नंबर. कोवळी आहे. रंग भरायचाय अजून."

"सातही कोवळ्या?" सून म्हणाली.

"बालवाडी असेल."

कुरिअरवाला फसकन हसला आणि मग नकाशेवाल्यांचा ठिपका ओला आहे हे आठवून त्याने हसू गिळलं.

"डॉक्टर, मी मिशा मोजल्यात. तेवीस नंबरच्या मिशीला अकरा पेरं असतात. हिला दहा आहेत."

"ताई, सगळे नवशिके इथेच ठेचकाळतात. डोक्याजवळची लांब दांडी धरली नसेल तुम्ही."

"धरली. दांडी एक, पुढे नऊ."

अध्यक्षांनी सुस्कारा टाकला, एक मुंगी बाहेर काढून भिंगाखाली ठेवली आणि मुलाला पाढे शिकवावेत तसं मोजायला लागले. "हे मूळ, एक. ही दांडी, दोन. मग तीन, चार..." अकरावर येऊन त्यांनी मान वर केली. "झालं समाधान?"

"मूळ कशाला मोजलंत?"

"मूळ नसेल तर दात उभा कसा राहील?"

भिंतीवर सासूबाई हसत होत्या.

"मिशी म्हणायचं होतं मला," अध्यक्ष म्हणाले.

"मूळ डोक्याच्या खोबणीत असतं," नकाशेवाले पेन न उचलता म्हणाले. "ते पेर नव्हे. नदीची लांबी काढताना आपण ढग धरत नाही, डॉक्टर."

"बावीस वर्षं मी हेच काम करतोय," अध्यक्ष म्हणाले. बावीस वर्षं मूळ धरून मोजतोय की मूळ सोडून, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि त्या रविवारी कुणी विचारलंही नाही.

सुनेने बाटली पर्समध्ये टाकली. जिना उतरताना कुरिअरवाला मागून आला. "द्या इकडे. दूरच्या त्या संग्रहालयात मुंग्यांचे मोठे जाणकार आहेत, त्यांच्या नावाचं पार्सल मीच नेहमी चढवतो. कापसात नीट गुंडाळा. गळलं तर माझी नोकरी, पोचलं तर तुमचं नाव."

यादीसाठी लेबल तेवढं काढून ठेवून तिने बाटली दिली, सोबत एक चिठ्ठी: मिशीचं मूळ मोजतात की नाही?

उत्तर यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत तिने लॅबमध्ये सुमारे लाखभर पेशी मोजल्या आणि एकीतही तिचं लक्ष नव्हतं, पण आकडे बरोबर आले. सव्वीस वर्षांची बोटं तिच्यावाचून काम करायला शिकली होती. पाकीट आलं ते लॅबच्या पत्त्यावर. सुईचा डबा बाजूला सारून तिने ते उघडलं.

‘आपली मोजणी बरोबर आहे. पेरं दहा. ही जात आपल्या भागातून आजवर नोंदली गेलेली नाही. नोंद प्रसिद्ध करता यावी म्हणून ती प्रथम कुणी पाहिली, केव्हा पाहिली, आणि नेमकी कुठे, हे कळवावे. ता. क. मिशीचे मूळ मोजत नाहीत. आपल्या मंडळाच्या इतर जातींचीही यानिमित्ताने एकदा फेरमोजणी व्हावी.’

पुढच्या काचपट्टीवर तिने शंभरऐवजी एकशेचार पेशी मोजल्या. कुणाचं तरी रक्त त्या दिवशी चार पेशींनी श्रीमंत झालं.

अध्यक्षांनी बातमी ऐकली आणि लगेच तिला दवाखान्यात बोलावून घेतलं. "ताई, अभिनंदन. मी म्हटलंच होतं, ही काहीतरी वेगळी आहे." असं कुणीच म्हटलेलं तिला आठवत नव्हतं, पण अभिनंदनाच्या वेळी माणसाने स्मरणशक्ती आवरती घ्यावी. "यंदा बावन्न नंबर तुमचा. दुसऱ्या रकान्यात तुमचं स्वतंत्र नाव. मंडळबिंडळ काही नाही. आणा ते लेबल, यादीसाठी उतरवून घेतो."

मग त्यांनी लेबल वाचलं. एकदा साध्या डोळ्यांनी, एकदा भिंगाने.

"कवळी कुणाची?"

"सासूबाईंची."

"म्हणजे आपली?"

"तुमचीच."

"ती वाटीत काय करते?"

"हसते," सून म्हणाली.

अध्यक्षांची नजर नको नको म्हणत भिंतीवरच्या चौकटीकडे गेली. परिपूर्ण बैठक. तिच्याखाली रोज वीस पेशंट बसत होते. यादी शहरातल्या वाचनालयात जाते, दोन कॉलेजांत जाते, आणि आता दूरच्या संग्रहालयातही जाणार.

"असं करू," ते आवाज खाली आणून म्हणाले. "‘घर, खिडकी’ एवढंच ठेवू. खोटं आहे का? नाही. खिडकी आहेच. पेन्सिलनेच लिहिलंय, खोडता येईल." आणि ड्रॉवरमधून काढून त्यांनी तिच्यापुढे एक कोरा, पांढराशुभ्र खोडरबर ठेवला, दाढेएवढा. "तुमचं नाव राहील आणि माझी लाजही राहील. कुटुंबात एवढं तर करतो आपण."

ती नाही म्हणाली नाही. हेही खरंच सांगायला हवं. तिने खोडरबर उचलला, लेबलाबरोबर पर्समध्ये टाकला आणि "बघते" म्हणाली. घरी येईपर्यंत ती मनात ती ओळ छापूनही बसली होती. बावन्न, मग तिचं नाव, मग पूर्णविराम. कवळी गेली तर कुणाचं काय बिघडतं? खिडकी तर आहेच.

घरी आल्यावर तिने चहा केला आणि कप हातात घेऊन सासूबाईंच्या खोलीच्या दारात उभी राहिली. वाटीवरचा बाजार भरात होता.

"आई, या मुंग्या कधीपासून आहेत हो? तारीख लिहायचीय."

"तुझी नणंद येऊन गेली त्या दिवसापासून," सासूबाई पत्त्यांवरून नजर न काढता म्हणाल्या. "ती तासभर बसली. तेवढा वेळ कवळी तोंडात, म्हणजे तीन गोळ्या लागल्या. ती गेली, मी वाटीत टाकली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली पाहुणी आली. एकटीच. दाढेभोवती फिरली, परत गेली, बायकांना घेऊन आली."

"म्हणजे तीन महिने झाले?"

"तीन महिने आणि चार दिवस. तेव्हाच सांगितलं तुला. तू म्हणालीस, हो आई. तू ‘हो आई’ म्हणालीस की मला कळतं, हे आपण भिंतीला सांगितलं."

सुनेने कप या हातातून त्या हातात घेतला.

"तुला बाहेरच्या काळ्या माहितीयत ना?" सासूबाईंना आता चांगलाच सूर लागला होता. "त्या रस्त्यात भेटल्या की मिशीला मिशी लावून थांबतात, सुखदुःख विचारतात. या थांबत नाहीत. या शेपटी वर करूनच एकमेकींना काय ते सांगतात. आणि हिरवी गोळी लागते यांना. लाल ठेवून पाहिली, ढुंकून बघितलं नाही. पिवळी चालते, पण उन्हं आल्यावर. आणि पाऊसपाणी नसताना अंडी घेऊन घर बदललं त्यांनी, परवाच्या मंगळवारी, या फटीतून त्या फटीत. म्हटलं, पाहुण्या आहेत, जागा मानवत नसेल."

तीन महिने. एक म्हातारी, एक खिडकी आणि एक वाटी. इतकी टिपणं मंडळाने एक्कावन्न जातींत मिळून केली नव्हती. आणि ती कुठे लिहिली होती, तर दोन ओळींच्या गाण्यात, जे सून रोज ऐकायची आणि रोज पेला ठेवून निघून जायची.

प्रथम कुणी पाहिली, केव्हा पाहिली. पत्रातली ओळ पर्समध्येच होती. सुनेच्या डोळ्यांसमोर पाच वाजता येणारे डॉक्टर आले, बिचाऱ्यांनी काही कुणाचं वाईट केलेलं नव्हतं, समोर येईल त्यावर सही करत गेले एवढंच. तिने हातातला कप खाली ठेवला.

"आई, तुमचं नाव लिहायचंय. पूर्ण कसं लिहू?"

"कशावर?"

"छापून येणार आहे. ही मुंगी आपल्या भागात पहिल्यांदा कुणी पाहिली, त्यापुढे."

सासूबाईंनी हातातला पत्ता ठेवला. चुकीच्या जागी ठेवला, पण उचलला नाही. "सगळ्या कागदांवर तुझ्या सासऱ्यांचं नाव मोठं असतं आणि माझं त्याच्या पुढं चिमूटभर," त्या म्हणाल्या. "इथं नुसतं माझं लिही. एकटं."

"बरं. आणि जागेचं काय करू? डॉक्टर म्हणतात, कवळी खोडा आणि खिडकी ठेवा."

"खोडून तर बघ," सासूबाई म्हणाल्या. दात नसलेल्या तोंडातून ते शब्द मऊ आले, पण अर्थ चावरा होता. "दोन वर्षं झाली. पोरगा म्हणतो छान बसलीय, तो डॉक्टर म्हणतो छान बसलीय, तू म्हणतेस हो आई. मी कुणाकुणाला तोंड उघडून दाखवू? येऊ दे छापून. मुंग्यांचं तरी लोक ऐकतील."

सुनेने पर्समधून लेबल काढलं, खोडरबर काढला आणि पलंगाच्या कडेला बसून खोडायला लागली. कवळी नाही. ‘पाहणारी’पुढचं आपलं नाव. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच कुठल्यातरी कागदावर आलेलं, तीन आठवड्यांचं बाळ. खोडताना कागद जरा खरबरीत झाला. त्या खरबरीत जागेवर तिने सासूबाईंचं नाव लिहिलं, एकटं, आणि तारीख तीन महिने चार दिवसांपूर्वीची घातली.

"मग तुझं गं?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना लांबचं बरं दिसे. "तू एवढी मोजामोजी केलीस ती?"

पेन्सिल हातातच होती. सुनेने लेबल उलटं केलं, पालटं केलं, आणि तिला एकदम यादीचा तिसरा रकाना आठवला. पन्नास ओळी वरीलप्रमाणे. पाहिली सासूबाईंनी, हे खरंच. पण मिशीची पेरं कुणी मोजली? जन्मभर तिने दुसरं केलं काय होतं? तिने नवी चिटोरी कापली आणि त्यावर लिहिलं, ‘मोजणी आणि ओळख’, आणि पुढे आपलं नाव, पेन्सिल दाबून.

रविवारी तिने दोन्ही लेबलं अध्यक्षांपुढे ठेवली. त्यांनी आधी कवळी शोधली, ती जागच्या जागी सापडली. मग नजर खाली गेली.

"प्रथम नोंद... या कोण?"

सुनेने भिंतीकडे बोट केलं. चौघांनी मान वर करून पाहिलं. सासूबाई दहा मिनिटांपैकी पकडलेल्या त्या एका मिनिटात, तोंडभर हसत होत्या.

"त्या मंडळाच्या सभासद नाहीत."

"सभासद असावं असं नियमात नाही," नकाशेवाले म्हणाले. "नियम सहा. ‘ज्याने प्रथम पाहिली, त्याचे नाव.’ अक्षर तुमचं आहे, निळं."

"बरं. पण हे दुसरं काय? ओळख नेहमी..."

"वरीलप्रमाणे असते," कुरिअरवाला मदतीला धावला. "पण डॉक्टर, वरीलप्रमाणे लिहिलं तर ही तेवीस नंबर होते. तुम्ही तेवीस म्हणाला होतात ना? मग बावन्न कुठून आणायची?"

अध्यक्षांनी खुर्चीत बैठक बदलली. ती परिपूर्ण दिसली नाही.

"पत्रात ताजा कलमही आहे," सून म्हणाली. "फेरमोजणीचा. वाचू का?"

"नको," अध्यक्ष म्हणाले. "छापा."

यादी महिन्याभरात आली. बावन्नाव्या ओळीत दुसऱ्या रकान्यात सासूबाई, एकट्या. तिसऱ्यात सून, आणि रिसेप्शनिस्टने टाइप करताना तिच्या नावातली पहिली वेलांटी दुसरी करून टाकलेली. तळटीप होती: ‘खिडकीतील वाटीत, न घातलेल्या कवळीवर.’ ‘न घातलेल्या’ हे दोन शब्द लेबलावर नव्हते. ते कुणी घातले हे मंडळाला आजवर कळलेलं नाही. नकाशेवाल्यांनी मुद्रितं तपासली होती, एवढंच.

एक प्रत तिने लॅबमध्ये टेबलावर ठेवली. पाच वाजता डॉक्टर आले, कप टेकवायला जागा शोधताना त्यांना ती दिसली.

"हे नाव कुणाचं?"

"माझं."

"असं होय," डॉक्टर म्हणाले आणि सह्या करायला लागले. ते गेल्यावर तिने पेन्सिल घेतली आणि वेलांटी दुरुस्त केली.

फोटो त्याच आठवड्यात भिंतीवरून उतरला. आणि एका संध्याकाळी अध्यक्ष स्वतः घरी आले, हातात अवजारांची पेटी, चेहऱ्यावर बावीस वर्षांचा अनुभव. जिन्यात अनोळखी बूट वाजले, तरी सासूबाईंनी कवळी चढवली नाही. आता छापूनच आलं होतं.

अध्यक्ष खिडकीशी गेले. वाट चालू होती, केसाएवढी, बदाम उचलून धरलेली. त्यांनी नकळत खिशातलं भिंग काढलं, वाकले, आणि त्यांचे ओठ हलायला लागले.

"मूळ सोडून, डॉक्टर," सून दारातून म्हणाली.

त्यांनी मान हलवली, पुन्हा पहिल्यापासून मोजलं, आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले. "दहाच आहेत," ते शेवटी हळूच म्हणाले, जसं कुणी झोपलेल्या घरात बोलावं. मग सरळ झाले, घसा साफ केला आणि पेटी उघडली. "आजी, द्या ती कवळी इकडे. दोन ठिकाणी घासतो, अर्ध्या तासात अशी बसेल की काढावीशी वाटणार नाही."

सासूबाईंनी वाटी आपल्याकडे ओढली, मुंग्यांसकट, आणि उशीखालून एक हिरवी गोळी काढून दाढेच्या शेजारी नीट ठेवली.

"राहू दे डॉक्टर," त्या म्हणाल्या. "ही तोंडात बसली, तर या बसतील कुठं?"